एका माशाची दोन कुळे

नेसरी हे नाव आपणांपैकी पुष्कळांच्या कानांवर आले असेल ते इतिहासामुळे. १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर यांनी सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर जेथे झेप घेतली, ती खिंड आमच्या या गावची. अशा सह्याद्रीच्या माथ्याकडील गावच्या एका निवृत्त शाळामास्तराने समुद्रातील माशांविषयी काय बोलावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. येथून समुद्र दिसत नाही. तथापि समुद्राची मासळी येथे येते. मालवण-वेंगुर्ल्याकडचे खारे बांगडे आंबोलीचा घाट चढून येतात; मुंबईकडचे सुके बोंबील कोल्हापूरच्या वाटेने येतात. घाटावरच्या बाजारांत या मालाचे ढीग पिढ्यान्‌पिढ्या मांडले जात आहेत. बांगडा म्हणजे बांगडा आणि बोंबील म्हणजे बोंबील. तो काठचा की खोल पाण्यातला, या बंदरचा की त्या, हा प्रश्न ढिगापाशी कोणी करीत नाही.

आज मी आपणांपुढे मांडणार आहे तो हा न विचारलेला प्रश्नच होय. बाजार ज्याला एक मासा म्हणतो तो समुद्रातही एकच असतो काय? की एका नावाखाली, एकाच रूपाची, परंतु जन्माने निराळी अशी दोन कुळे पाण्यात नांदत असतात? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास युरोपातील विद्वानांना शंभरांहून अधिक वर्षे लागली. ते मिळेपर्यंत काही ठिकाणी फार उशीर झाला होता. म्हणून त्या शोधाचा इतिहास आपल्या किनाऱ्यालाही उपयोगी पडावा असा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुशिक्षितांची समजूत अशी होती की, समुद्र एक, त्यातील मासा एक, आणि तो अपार. १८८३ साली लंडन शहरी मत्स्यव्यवसायाचे मोठे प्रदर्शन भरले. त्या वेळी थॉमस हेन्री हक्सले यांनी केलेल्या भाषणात, कॉड, हेरिंग, बांगडा इत्यादिकांची सागरी मासेमारी, निदान त्या काळच्या साधनांनी तरी, न संपणारी आहे असे मत दिले. हक्सले हे डार्विनचे खंदे पुरस्कर्ते व त्या काळचे थोर जीवशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे त्या वेळच्या ज्ञानास धरूनच होते. परंतु त्याच्या पोटी एक गृहीत दडलेले होते. एका जागचा मासा कमी झाला तर दुसऱ्या जागचा येऊन ती जागा भरून काढील, असे ते गृहीत. विहिरीतून घागर भरून घेतली तर पाण्याला खळगा पडत नाही, तद्वत्.

या गृहीताला पहिला धक्का दिला फ्रीड्रिख हाइन्के या जर्मन शास्त्रज्ञाने. त्याने हेरिंग नावाचे मासे हजारोंनी घेतले. त्यांचे मणके मोजले, डोक्याची व परांची मापे घेतली. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा होता की, उत्तर युरोपातील हेरिंग हा एकच समुदाय नसून त्याच्या अनेक स्थानिक जाती आहेत. प्रत्येकीची अंडी घालण्याची जागा ठरलेली आणि ऋतूही ठरलेला. एकटा मासा हातात घेऊन तो कोणत्या कुळीचा हे सांगणे कठीण. परंतु शेकड्यांनी मोजले म्हणजे सरासरीतून कुळी बोलू लागते. मोजमापाच्या चिकाटीने लागलेला हा शोध होता.

आता मी आपल्याला नॉर्वे देशाच्या किनाऱ्यावर नेतो. कारण काठचा मासा आणि बाहेरच्या समुद्रातला मासा यांचा वाद सर्वांत स्पष्टपणे तेथेच लढविला गेला. मासा आपल्या ओळखीचाच आहे. ज्याच्या यकृताचे तेल आपल्याकडील शहरी घरांतून अशक्त मुलांना नाक दाबून पाजले गेले, तोच हा कॉड. नॉर्वेच्या उत्तरेस, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, लोफोटेन नावाची बेटे आहेत. दर वर्षी हिवाळ्यात, साधारणतः जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत, उत्तरेकडील बॅरेंट्‌स समुद्रातून कॉडचे प्रचंड थवे शेकडो मैलांचा प्रवास करून तेथे अंडी घालावयास येतात. या पाहुण्याला तेथील कोळी 'स्क्राय' म्हणतात. प्रवासी, भटक्या असा या शब्दाचा मूळ अर्थ सांगतात. त्याच पाण्यात, समुद्राच्या अरुंद, खोल फाट्यांत, वर्षभर राहणारा दुसरा कॉड आहे. तो फार दूर जात नाही. तो वर्णाने काहीसा अधिक तांबूस-तपकिरी. स्क्राय हा फिकट आणि अंगाने सडसडीत. तेथील कोळ्यांनी या दोहोंना निराळी नावे दिली होती ती विद्वानांच्या कितीतरी आधी.

विद्वानांना पुरावा हवा होता. तो १९३३ साली गुन्नार रोलेफ्सेन या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने माशाच्या कानातून काढला. माशाच्या कानात चुनखडीचा एक लहानसा खडा असतो. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षावर्षाची वलये पडतात, तशी या खड्यातही पडतात. खडा मोडून पाहिला म्हणजे वय कळते. रोलेफ्सेनच्या ध्यानात आले की, आतल्या पहिल्या वलयांचा आकार किनारी कॉडमध्ये एका प्रकारचा असतो आणि स्क्रायमध्ये दुसऱ्या प्रकारचा. तेव्हापासून लोफोटेनच्या ढिगातील मासा कोणत्या घरचा, हे खडा पाहून सांगता येऊ लागले.

येथे एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. एकाच आईचे दोन मुलगे. एक तालमीत वाढला, दुसरा कचेरीत. दोघांच्या शरीरयष्टीत भेद पडेल, परंतु रक्त एकच. माशांचेही तसे नसेल कशावरून? उथळ, उबदार पाण्यात वाढलेल्याच्या खड्यात एक वलय पडते, थंड व खोल पाण्यातल्याच्या खड्यात दुसरे. हा भेद संगोपनाचा की जन्माचा? संगोपनाचा असेल तर किनाऱ्यावरचे मासे संपले तरी बाहेरचे येऊन त्यांची जागा घेतील. जन्माचा असेल तर घेणार नाहीत. या शंकेच्या उत्तरावर हजारो कुटुंबांची पोटे अवलंबून होती.

१९६० नंतर शास्त्रज्ञ रक्ताकडे वळले. डेन्मार्कचे क्नूड सिक यांनी १९६१ साली दाखविले की, कॉडच्या रक्तातील तांबडे द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, सर्व माशांत एकाच प्रकारचे नसते; आणि हे प्रकार आईबापांकडून संततीकडे उतरतात. नॉर्वेचे डाग मोलर यांनी त्याच दशकात किनारी कॉड व स्क्राय यांच्या रक्तांतील या प्रकारांचे प्रमाण तपासले, तो ते भिन्न आढळले. वाद मिटला असे वाटले. परंतु मिटला नाही. १९९० नंतरच्या दशकात आईकडूनच संततीला मिळणाऱ्या जनुकद्रव्याचा अंश तपासण्यात आला, तेव्हा नॉर्वेच्या सबंध किनाऱ्यावर फारसा भेद दिसेना. मग खरे कोणते?

१९९७ साली स्वेन-एरिक फेव्होल्डेन व ग्रँट पॉगसन या दोघांनी एका विशिष्ट जनुकाची तपासणी प्रसिद्ध केली. जनुक म्हणजे पिढीतून पिढीत उतरणाऱ्या गुणांची जणू लेखी आज्ञा. या जनुकाची दोन रूपे आहेत. एक रूप किनारी कॉडमध्ये बहुसंख्य, तर दुसरे स्क्रायमध्ये बहुसंख्य. आणि हा भेद अतिशय ठळक होता. एका जागी काहीच भेद नाही, दुसऱ्या जागी आकाशपाताळाचे अंतर, हे कोडे मात्र कायमच राहिले.

ते सुटले २०१६ साली. त्यापूर्वी २०११ मध्ये कॉडच्या सर्व जनुकद्रव्याचे वाचन पूर्ण झाले होते. आता दोन निरनिराळ्या संशोधक गटांनी दाखविले की, कॉडच्या पहिल्या गुणसूत्राचा एक मोठा भाग स्क्रायमध्ये उलटा बसलेला आहे. हे समजण्यास आपण पोथीचा दाखला घेऊ. दोन पोथ्या आहेत. मजकूर जवळजवळ सारखाच. परंतु एकीत मधली काही पाने उलट क्रमाने शिवली गेली आहेत. दोन्ही पोथ्यांवरून तिसरी नक्कल करावयाची तर बाकीची पाने सहज अदलाबदलीने घेता येतील. परंतु त्या उलट्या भागाची पाने एकमेकांशी जुळणारच नाहीत. तो भाग घ्यावयाचा तर समूळ या पोथीतला किंवा समूळ त्या पोथीतला. संकर होत असताही तेवढा भाग अखंड राहतो, आणि त्यात असलेली शेकडो जनुके गटाने एकत्र उतरत राहतात. ही उलटापालट लाखो वर्षांपूर्वीची असावी, असा हिशेब आहे. त्या भागात माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीशी संबंध असलेली जनुकेही आढळली. दूरच्या प्रवासात खोल बुडी मारणाऱ्या माशाला पाण्याच्या दाबाशी जुळवून घ्यावे लागते. काठच्या माशाला तेवढे लागत नाही. म्हणून कोळ्यांनी दिलेली दोन नावे, खड्यातली दोन प्रकारची वलये आणि गुणसूत्रातला हा उलटा भाग, हे तिन्ही साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

या शोधाचा एक उपयोग इतिहासाच्या अभ्यासकांस चकित करणारा झाला. आजच्या जर्मनीत, श्लेस्विग शहराजवळ, हायथाबू नावाचे व्हायकिंगांचे व्यापारी नगर होते. १०६६ साली ते उद्ध्वस्त झाले. तेथील उत्खननात कॉडची हाडे सापडली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या हाडांतील जनुकद्रव्य वाचण्यात आले. त्यांत उत्तरेकडील स्क्रायची खूण निघाली. जवळच्या बाल्टिक समुद्राचे ते मासे नव्हेत. आर्क्टिककडून शेकडो मैल वाहून आणलेले ते होते. लोफोटेनला आजही कॉड मिठावाचून, लाकडी मांडवांवर, थंड वाऱ्यात वाळवितात. आपले कोळी बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळवितात, त्याचेच ते उत्तरेकडील रूप. असा वाळलेला मासा सुमारे हजार वर्षांपूर्वीही दूरदेशी विकला जात होता, हे बखरीने नव्हे तर हाडांनी सांगितले.

परंतु श्रोतेहो, हा विषय केवळ कौतुकाचा नाही. लोफोटेनच्या हिवाळी मासेमारीत दोन्ही कॉड एकाच जाळ्यात येतात. स्क्रायचा साठा प्रचंड, किनारी कॉडचा त्या मानाने लहान. दोघांना एकच मानून मोजले तर एकूण आकडा भरभक्कम दिसतो, आणि त्या आकड्याच्या आड लहान घर हळूहळू रिते होते. तसेच झाले. किनारी कॉडचा साठा विसाव्या शतकाच्या अखेरीस उतरणीस लागला, आणि पुढे नॉर्वे सरकारला तो सावरण्यासाठी निराळी योजना आखावी लागली.

अटलांटिकच्या पलीकडच्या काठावर तर याहून कठोर धडा मिळाला. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या समुद्रात कॉडची मासेमारी सुमारे पाचशे वर्षे चालली. १९८० नंतर किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांना मासा कमी मिळू लागला, मिळे तो लहान मिळे, अशी तक्रार तेथील कोळी करू लागले. बाहेरच्या समुद्रातील मोठ्या यांत्रिक जहाजांची जाळी मात्र भरलेलीच येत होती. कारण उरलेला मासा जेथे दाटीने गोळा होई, तेथेच ती जहाजे जात. साठ्याचे अंदाज त्या भरल्या जाळ्यांवर बेतले गेले आणि काठच्या तक्रारीला वजन मिळाले नाही. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला तेथील कॉडची मासेमारी बंद करावी लागली, आणि सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका आज्ञेने गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती. ती उठविण्याची घोषणा झाली २०२४ मध्ये, आणि तीही मर्यादित मासेमारीपुरती. मासेमारी बंद झाल्यावर चार वर्षांनी, १९९६ साली, शास्त्रज्ञांनी दाखविले की, हिवाळा खाडीत काढणारा काठचा कॉड व बाहेरच्या समुद्रातला कॉड यांच्यांत जनुकीय भेद आहे. काठच्या कॉडच्या रक्तात बर्फाळ पाण्यात गोठू न देणारे द्रव्यही अधिक प्रमाणात आढळले. जे आधी विचारावयास हवे होते, त्याचे उत्तर मागाहून आले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. अरबी समुद्रात लोफोटेन नाही आणि कॉडही नाही. परंतु एका नावाखाली अनेक कुळे असण्याचा प्रश्न येथेही तितकाच खरा आहे.

बोंबलाचेच पाहा. मुंबईच्या नावाने जगभर प्रसिद्ध असलेल्या या माशाचे शास्त्रीय नामकरण झाले ते गंगेच्या मुखाशी सापडलेल्या माशावरून. फ्रान्सिस बुकॅनन, जे पुढे हॅमिल्टन या नावाने ओळखले जाऊ लागले, त्यांनी गंगेतील माशांवरील ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला, त्यात तो आला आहे. बोंबील विपुल मिळतो तो गुजरात व उत्तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर. रत्नागिरीच्या दक्षिणेस तो विरळ होत जातो, आणि पुन्हा भेटतो तो बंगालच्या उपसागरात, आंध्र, ओडिशा व बंगाल या बाजूंना. मध्ये एवढे मोठे रिते अंतर असता पूर्वेचा बोंबील येऊन पश्चिमेची उणीव भरून काढील, अशी आशा कोणी धरू नये.

तारलीचेही तसेच. हा किनाऱ्यालगत थव्यांनी हिंडणारा मासा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, तसाच ओमानच्या किनाऱ्यावरही आहे. गेल्या काही वर्षांतील तपासणीत ओमानकडील तारली व भारताकडील तारली यांच्यांत जनुकीय भेद असल्याचे दिसून आले. केरळात २०१२ साली तारलीचे उत्पन्न चार लाख टनांच्या जवळपास होते. ते २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले. या चढउताराची कारणे मुख्यतः समुद्राच्या व पावसाच्या बदलात आहेत. परंतु असा दुष्काळ पडला म्हणजे दुसऱ्या किनाऱ्याची तारली धावून येईल काय, हे समजण्यास कुळाची माहितीच लागते.

सर्वांत बोधप्रद कथा आहे ती पापलेटची. ४ सप्टेंबर २०२३ रोजी पापलेट, म्हणजे सरंगा, हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. या माशाला दीर्घकाळ जे शास्त्रीय नाव लावले जात होते, ते ऑय्‌फ्रासेन या स्वीडिश विद्वानाने १७८८ साली चीनकडील माशाला दिलेले होते. अलीकडील तपासणीत असे ठरले की, आपल्या समुद्रातला पापलेट ही त्याहून निराळीच जाती आहे; तिला फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी १८२९ साली वेगळे नाव दिलेही होते, परंतु ते मागे पडले होते. २०१९ च्या सुमारास ते पुन्हा प्रचारात आले. इंग्रजीत ज्याला काळा पापलेट म्हणतात, तो हलवा तर पापलेटच्या कुटुंबातलाही नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या कोळी बांधवांनी हलव्याला पापलेट कधी म्हटले नाही. नॉर्वेत जसे, तसेच येथेही, होडीवरच्या माणसाची नावे ग्रंथातल्या नावांहून काही बाबतींत अधिक काटेकोर होती.

आपल्याकडे या विषयाच्या अभ्यासाची साधने नाहीत असे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे आता कोची येथे आहे. मुंबईत मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ पासून आहे. कायदेही आहेत. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी प्रादेशिक समुद्र ठरले, आणि २०० मैलांपर्यंतचे देशाचे आर्थिक क्षेत्र. त्या १२ मैलांतील मासेमारीचे नियमन राज्याने करावयाचे. महाराष्ट्राचा त्यासंबंधीचा कायदा १९८१ चा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटीत नसत. विकता येणाऱ्या माशाची किमान लांबीही महाराष्ट्राने २०२३ मध्ये ठरवून दिली आहे.

परंतु हे सर्व नियम नावाला लागू होतात. १२ मैलांची रेषा आपण नकाशावर काढली. माशाने ती काढलेली नाही. माशांची रेषा दुसरीच असते. ती अंडी घालण्याच्या जागेने, पाण्याच्या खोलीने, खारेपणाने व थंडीने आखलेली असते, आणि ती रक्तात लिहिलेली असते. एका नावाखाली किती कुळे आहेत, त्यांतील कोणते लहान आणि कोणते मोठे, हे ठाऊक नसता केवळ टनांचा आकडा पाहून समाधान मानणे म्हणजे एकत्र कुटुंबाची मिळकत पाहून धाकट्या घरची चूल पेटते की नाही याची चौकशी न करणे होय.

तेव्हा या दोनशे वर्षांच्या वृत्तांतातून घ्यावयाचा बोध थोडक्यात असा. आधी कुळे ओळखावीत, मग मोजावीत, आणि मोजून झाल्यावर किती धरावयाचे ते ठरवावे. हा क्रम नॉर्वेत उशिरा लागला. न्यूफाउंडलंडात तो उलटा लागला, आणि त्याची किंमत तेथील कोळ्यांच्या एका पिढीने दिली. आपल्या प्रयोगशाळांत आज जनुके वाचता येतात, आणि आपल्या कोळीवाड्यांत माशाचा रंग, ऋतू व जागा पाहून त्याचे घर सांगणारी वडीलधारी माणसे अद्याप आहेत. यंत्रे पुढे अधिक चांगली मिळतील. परंतु ही माणसे एकदा गेली म्हणजे त्यांच्याबरोबर ती नावेही जातील. म्हणून प्रयोगशाळेतील विद्वानांनी कोळीवाड्याची वाट धरावयाची ती आताच धरली पाहिजे.